मऊ

बिश्केक, ४ मार्च

जिपार एजे, सलाम.

फोन न करता पत्र पाठवतोय म्हणून दचकू नका, सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे तेवढे कुरकुरतात. पण फोनवर तुम्ही एका हाताने चहा ओतता आणि मध्येच बुरुल वहिनींना सूचना देता. या वेळी मला तुमचं सगळं लक्ष हवं आहे.

मला मोठं काम मिळालंय. इथल्या एका संग्रहालयात नवं दालन होणार आहे आणि ते मी रचायचं आहे. त्यात बघायचं काहीच नाही. काच नाही, पडदा नाही, पाटी नाही. ओली लोकर लाटून लाटून तुम्ही जो कियीझ करता, त्याच्या चार भिंती, आणि त्या कियीझमध्ये शिवलेल्या बारीक तारा. माणसाने तळवा टेकवला की भिंत जागी होते. ऊब येते, थरथर येते, वास येतो, आवाज येतो. बारा वर्षं मी लोकांच्या डोळ्यांसाठी फोनचे पडदे रंगवले, आता कंटाळा आला. हात, नाक, कान यांच्यासाठी कुणी काही करतच नाही.

खरं सांगायचं तर कल्पना तुमचीच आहे. अंधशाळेतून तुम्ही दर रविवारी आमच्याकडे यायचात आणि एजे म्हणजे मोठी ताई होऊन सहा वर्षांच्या मला ठिपक्यांची लिपी शिकवलीत, आठवतं? पांघरुणात डोकं खुपसून आपण बोटांनी गोष्टी वाचायचो. आईला वाटायचं आपण झोपलोय. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे.

तर मला सांगा, डोळे मिटून तुमचा तंबू कसा असतो. आणि भिंतीचा आवाज तुमचाच हवा, दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. सहाशे वाक्यं ठिपक्यांत टोचून टपालाने वेगळी पाठवतोय. ती वाचून फोनात भरून पाठवाल? इतकी कशाला म्हणाल, तर यंत्राला आवाजाची पातळी लावून घ्यायला लागतात.

तुमच्या सासऱ्यांना, कियीझबेक अतांना, सलाम सांगा. त्यांच्या तांबड्या घोड्यावरून मी पडलो होतो, हे ते विसरले नसतील, मीही नाही.

तुमचा एर्मेक

&nbsp;

कोचकोर, १२ मार्च

एर्मेक,

पत्र मिळालं. म्हणजे ऐकलं. माझ्या फोनात एक रशियन हवालदार राहतो, तुला ठाऊक आहे. किर्गीझ वाचणारा आवाज अजून कुणी केलेला नाही, म्हणून आपली भाषा तोच वाचतो, तोंडात उकडलेला बटाटा कोंबल्यासारखी. मला तो 'झीपर' म्हणतो. तुझ्या आईच्या गुडघ्यांचं त्याने असं काही केलं की दोनदा ऐकल्यावर मला कळलं, ते दुखताहेत, विकायचे नाहीत.

आधी दालनाचं. पहिली गोष्ट, अंधार करू नकोस. तुम्हा डोळस लोकांना वाटतं आम्ही अंधारात राहतो. मी कोचकोरमध्ये राहते. दिवे चालू ठेव, ज्याला डोळे मिटायचे तो मिटेल.

भिंतीला ऊब देणार म्हणालास. तीही काढून टाक. आमची भिंत ऊन नसते. तळवा टेकवला की पहिल्यांदा काहीच वाटत नाही, मग हळूहळू तुझी स्वतःची ऊब तुला परत मिळते. तेवढा वेळ लोकांना थांबव. थरथरही भिंतीत नको. थरथर असते ती लाटताना, सहा बाया गुडघ्यांवर बसून कोपरापासून हात दाबत गुंडाळी पुढेमागे करतात तेव्हा जमिनीतून येते. ती पायाखाली घाल. आणि वासासाठी फुलांचं अत्तर आणलं असशील तर ओतून दे. ओली मेंढी, दह्याचं पाणी, धूर आणि थोडं पोराचं मूत, असा वास असतो. आवाजाचं म्हणशील, तर तंबूत शिरलं की वारा एकदम लांब जातो. भिंत आवाज खाते. आधी ती शांतता कर, मग माझी बडबड लाव.

आता तुझा कान उपटते. तुझ्या सहाशे वाक्यांत अकरा ठिकाणी तो शब्द आहे. चार उन्हाळे आमच्याकडे काढलेस, घरातली साय एकट्याने संपवलीस, आणि एवढं ध्यानात राहिलं नाही? अतांच्या नावातला 'बेक' काढला की उरतं ते आमच्या भिंतीचं नाव. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तसा त्या नावातला शब्दही घेत नाही. माझी जाऊ बुरुलही घेत नाही. चोवीस वर्षं मी लोकर पिंजते, लाटते, शिवते, आणि जे तयार होतं त्याला 'मऊ' म्हणते. बाजारातही मी 'मऊ'च विकते. शहरातून आलेल्या बाया हसतात, हसू देत.

बाकीच्या सुना वळण म्हणून पाळतात. माझं तसं नाही. माझ्या लग्नात तुझ्या आईनेसुद्धा म्हटलं होतं की आंधळी पोर कुणाच्या गळ्यात मारताय. माझ्या नवऱ्याची, सबीरची, आई चार दिवस रडत होती. अता एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी घोड्याच्या आयाळीची दोरी वळली आणि तंबूच्या दारापासून ओढ्यापर्यंत कमरेच्या उंचीवर खुंट्यांना बांधली. सुना पाणी आणतात, हीही आणील, एवढंच म्हणाले. कुरणावर दर उन्हाळ्यात तंबूची जागा बदलते आणि दर उन्हाळ्यात ते दोरी नव्याने बांधतात. सबीर गेला त्या वर्षीसुद्धा बांधली. स्वतःचा मुलगा पुरून आठ दिवस झाले होते.

मी त्यांना काय देऊ शकते? बुरुलने दोन नातू दिले. माझ्याकडे देण्यासारखं एकच आहे, त्यांचं नाव न घेणं. ते मी नीट करते.

तेव्हा अकरा ठिकाणी 'मऊ' म्हटलंय. चालवून घे.

जिपार

&nbsp;

बिश्केक, २५ एप्रिल

जिपार एजे, सलाम.

परवा तुमच्याकडून निघालो ते घाटापर्यंत लोण्याचे ढेकर देत आलो. बुरुल वहिनींनी डब्यात भरून दिलेले तळलेले बोरसोक कचेरीत पाच मिनिटांत संपले.

तुमचं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. अंधार रद्द. ऊब रद्द. अत्तरवाल्याला तर मी म्हटलं, मला पोराचं मूत हवंय. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली. पण आता जमलंय. मी काल तासभर त्या भिंतीपाशी उभा होतो, तळवा टेकवून, काही न करता. एजे, माझीच ऊब मला परत मिळाली. मी तिथे रडलो हे कुणाला सांगू नका.

कागदावर सही केलीत ते फार बरं झालं, त्याशिवाय आवाज वापरता येत नाही. आणि त्या अकरा वाक्यांची काळजी सोडा. आम्ही इकडे जमवून घेऊ.

२८ मे ला उद्घाटन आहे. तुम्ही याच.

एर्मेक

&nbsp;

कोचकोर, १५ मे

एर्मेक,

मला येता येणार नाही. कोकरं आहेत, आणि एक मेंढी आपलं पोर जवळ घेत नाही, तिला दिवसभर समजावत बसावं लागतं.

पण अता येणार आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, अकरा वर्षांत राजधानीला गेलेला नाही, आणि मी म्हटलं की तिथे भिंतीला हात लावला की मी बोलते, तर लगेच बुटांना चरबी चोळायला बसले. पांढरी टोपी बुरुलकडून दोनदा धुऊन घेतली. काल शेजाऱ्याला सांगताना ऐकलं मी: माझ्या सुनेचा आवाज सरकारी इमारतीत लावलाय. मी आत चुलीपाशी होते. त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. चोवीस वर्षांत त्यांनी माझं असं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दीर कुबात गाडी चालवेल, बुरुलही येईल. अतांना जिना चढताना हात देऊ नकोस, रागावतात. नुसता शेजारून चाल.

एक विचारायचं राहिलं. तो सहीचा कागद सात पानांचा होता, मी मोजली. तू वाचलंस ते दीड पान असेल. पण तू माझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलंस, लहानपणी मी तुझं ठिपक्यांवर ठेवायची तसं, मग मी काही विचारलं नाही. बाकीच्या पानांत काय होतं?

जिपार

&nbsp;

कोचकोर, ५ जून

एर्मेक,

तुझं उत्तर आलेलं नाही. मी वाट पाहिली, आता पाहत नाही.

अता परत आले त्या दिवशी मी चहा ओतला. त्यांनी वाटी घेतली, खाली ठेवली, आणि बाहेर घोड्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी बुरुलला हाक मारून चहा मागितला. मी तिथेच होते, चहाच्या समोवाराला हात लावून.

बुरुलला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, दालन हुबेहूब आपलं घर आहे, आत शिरताच वासानेच तिला भरून आलं. पायाखाली लाटण्याची थरथर होती. अतांनी टोपी सारखी केली आणि भिंतीला तळवा टेकवला. मी बोलले. तिथे मी म्हटलं की मी त्यांच्या घरची सून. आणि त्यांचं नाव घेतलं, नुसतं, पुढे 'अता'ही नाही, कुत्र्याला हाक मारावी तसं. मग तो शब्द. बुरुल तो मला सांगूही शकत नव्हती, नुसती 'ते, ते' करत होती. शाळेची मुलं रांगेत होती. एकाने तळवा टेकवला की मी तो शब्द म्हणायची, दुसऱ्याने टेकवला की पुन्हा. मुलांना मजा वाटली, ती थापटतच राहिली. चाळीस-पन्नास वेळा म्हटला मी, अतांच्या तोंडावर. ते हात काढून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. तू तेव्हा पाहुण्यांना काहीतरी समजावून सांगत होतास म्हणे.

मी तो शब्द म्हटलेला नाही. झोपेतही म्हटलेला नाही, सबीर म्हणायचा की तू झोपेतसुद्धा 'मऊ' बरळतेस. मग माझ्या तोंडात तो कुणी घातला?

काल मी अतांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, ते मी बोललेले नाही. ते म्हणाले:

"चोवीस वर्षं तुझा आवाज ऐकतोय, सूनबाई. घरात मऊ, आणि लोकांत माझं नाव. यातलं खरं कुठलं ते तुलाच ठाऊक."

मला उत्तर दे, आणि लवकर दे.

जिपार

&nbsp;

बिश्केक, १२ जून

एजे,

तुमचं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तो शब्द तुम्ही म्हटलेला नाही, हे खरं आहे. यंत्राने म्हटला. तुमच्या सहाशे वाक्यांवरून ते तुमचा आवाज शिकलं. आता त्याला काहीही लिहून द्या, ते तुमच्या आवाजात म्हणतं. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सांगणारच होतो, पण मग तुम्ही घाबरला असता, आणि काम अडलं असतं.

'मऊ' ठेवायचं म्हणून मी भांडलो. आमच्या कंपनीतले वरचे म्हणाले, 'मऊ' म्हणजे काय हे पाहुण्यांना कोण समजावणार? ज्या वस्तूचं दालन, तिचं नावच नाही? उद्घाटनाला नऊ दिवस होते. मी हो म्हटलं. मात्र 'कियीझबेकच्या घरची सून' ही ओळ माझी होती, ते कबूल करतो. मला वाटलं अतांना अभिमान वाटेल. नाव घेतल्याने मान वाढतो असंच आम्हाला इथे वाटतं. आम्ही सगळीकडे नावंच लावत असतो. अतांना पायऱ्यांवर बसलेलं मी पाहिलं होतं, पण मला वाटलं ते दमलेत.

आठ दिवसांत दोन्ही शब्द काढून टाकतो. आणि मी स्वतः येतो, अतांसमोर बसतो, सगळं समजावून सांगतो. शब्द देतो.

एर्मेक

&nbsp;

सोंग-कोल कुरण, ९ जुलै

एर्मेक,

इथे फोनला रेंज मिळत नाही. मी लिहून ठेवते, कुबात घाटाखाली उतरला की आपोआप जाईल. चार आठवडे झाले तुझ्या शब्दाला.

मी अतांना यंत्राचं सांगून पाहिलं. बुरुलने पाहिलं, कुबातनेही. त्यांना रेडिओ कळतो: माणूस बोलतो ते लांब ऐकू येतं. माणूस जे बोललाच नाही ते ऐकू येतं, हे त्यांच्या गळी उतरत नाही. मी माझी कातडी वाचवायला गोष्ट रचतेय असं त्यांना वाटतं. ते आरडाओरडा करत नाहीत, केला असता तर बरं झालं असतं. माझ्याशी ते आता पाहुणीशी बोलावं तसं बोलतात.

या उन्हाळ्यात त्यांनी दोरी बांधली नाही. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले, हात कमरेच्या उंचीवर धरून. मग मी बादली बुरुलकडे दिली. तिसऱ्या दिवशी कुबातने बाजारची नायलॉनची दोरी बांधली. ती हाताला कापते, आणि मध्येच सैल पडते. मी ती धरून जाते खरी, पण मला रोज वाटतं की मी या घरात कालच आले.

तुझ्याकडे मी एकच मागते. दालन राहू दे नाहीतर मोड, त्याचं मला काही नाही. तू ये. फोन नको, पत्र नको. अतांसमोर बस आणि तुझ्या स्वतःच्या तोंडाने सांग की हिने म्हटलं नाही, मी म्हणायला लावलं. तुझं ते ऐकतील. तू त्यांच्या घोड्यावरून पडलेला आहेस.

बिश्केकहून कोचकोर चार तास, तिथून इथे तीन. त्यांना खोकला आहे. मी हे लिहिताना तो ऐकते आहे.

जिपार

&nbsp;

१८ सप्टेंबर

जिपार एजे, सलाम.

उन्हाळ्यात यायला जमलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. जुलैत निघणार होतो आणि नेमकं दालनाला बाहेरच्या देशात मान मिळाल्याचं कळलं. हे पत्रही मी परदेशातूनच लिहितोय. इथे लोक रांगा लावून तळवे टेकवतात. तुमची भिंत, तुमची शांतता, पायाखालची तुमची थरथर. व्यासपीठावर मी तुमचं नाव घेतलं.

दालनातले ते दोन शब्द काढायला सांगितलं आहे. आता ते माझ्या एकट्याच्या हातात नाही, कारण आवाज कंपनीच्या मालकीचा आहे, बाकीच्या पानांत तेच होतं. पण मी पाठपुरावा करतोय.

तुमच्यासाठी एक भेट आहे. रशियन हवालदार निवृत्त झाला, एजे. या महिन्यापासून देशातल्या सगळ्या आंधळ्या मुलांचे फोन किर्गीझ बोलतील, नीट, आपल्यासारखं. तुमच्याही फोनात ते आपोआप येईल. कुणाचा आवाज आहे ते सांगत नाही, ओळखाल. हे सगळं मी केलं त्यातलं एवढं तरी तुम्हाला आवडेल अशी आशा आहे.

मला माफ करा, एजे. मनापासून सांगतो, माफ करा.

कियीझबेक अतांना माझा सलाम. कियीझबेक अतांना म्हणावं, मार्चमध्ये नवरोझला नक्की येतो.

एर्मेक

&nbsp;

कोचकोर, २० ऑक्टोबर

या पत्राच्या वर कुणाचं नाव नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

हे मी ठिपक्यांत टोचते आहे, शाळेतल्या जुन्या पाटीवर. बोटं विसरली असतील तर वेळ लागेल. लागू दे. हे कुणी वाचून दाखवू शकणार नाही. पाकिटावरचा पत्ता तेवढा बुरुलने लिहिला आहे.

तुझं पत्र ज्या दिवशी आलं त्याच्या आदल्या दिवशी फोनने काहीतरी विचारलं आणि बुरुलने 'हो' दाबलं. अता अंथरुणावर होते, कुरणावरून उतरल्यापासून ते उठलेच नव्हते. मी त्यांच्या पायाशी बसून लोकर विंचरत होते. दोन्ही हात लोकरीत, म्हणून बुरुलनेच तुझं पत्र लावलं.

'जिपार एजे, सलाम,' असं मी म्हणाले.

बुरुल म्हणाली, काय गं? तिला वाटलं मी बोलले. मलाही क्षणभर वाटलं मीच बोलले. मग मी पुढे बोलत राहिले. यायला जमलं नाही म्हणाले. मान मिळाला म्हणाले. माझे हात लोकरीत अडकले होते, फोन कुठे आहे ते मला सापडेना, आणि बुरुल तर दगड झाली होती. मग मी माझीच माफी मागितली. मनापासून सांगते म्हणाले, माफ करा. तुला सुचलं तरी कसं? मला माफ करायचं की नाही हे मी ठरवायच्या आधीच तू माझ्या तोंडून माझी माफी मागून मोकळा झालास. मी कुणाला उत्तर देऊ?

आणि शेवटी मी अतांचं नाव घेतलं. दोनदा. त्यांच्या घरात, त्यांच्या पायाशी बसून.

मग अतांचं अंथरूण वाजलं, ते कोपरावर उठले असावेत.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझं तोंड तर मिटलेलं आहे."

जे मी चार महिने सांगत होते, ज्यासाठी तुला सात तासांच्या रस्त्यावर बोलावत होते, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तू मला सोडवायला आला नाहीस. दुसऱ्यांदा लुबाडायला आलास, आणि त्यात माझी सुटका झाली. त्याचे आभार तुला मिळणार नाहीत.

अता पुन्हा आडवे झाले. पांघरूण ओढून घेत म्हणाले, "मग मे महिन्यापासून मी रुसलो होतो ते कुणावर?" आणि त्यांनी माझ्या हातचा चहा मागितला. मी ओतला, अर्धा बशीत सांडला. त्यांनी सगळा प्यायला.

दुसऱ्या दिवशी कुबातकडून त्यांनी आयाळीचे केस मागवून घेतले आणि पडल्यापडल्या दोरी वळायला घेतली. पुढचा उन्हाळा त्यांच्या वाट्याला नाही हे त्यांना कळत होतं, आम्हालाही. खोकला आला की थांबायचे, मग पुन्हा वळायचे. मी जवळ बसून केस विंचरून देत होते. पाचव्या दिवशी पहाटेच ते गेले. दोरी दोन हात झाली होती. ती माझ्याकडे आहे. दारापासून दोन पावलं पुरते.

सगळ्या बायांबरोबर मीही भिंतीकडे तोंड करून बसले आणि त्यांच्यासाठी रडगाणं म्हटलं. त्यात मेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात, तुला माहीत आहे, किंवा नसेल. मी ओढ्याचं सांगितलं, दोरीचं सांगितलं. त्यांना 'मऊ' म्हणूनच हाक मारली. आणि माझ्या मागे दोन शेजारणी कुजबुजल्या, हिने फोन लावलाय की काय. मी रडगाणं अर्ध्यावर सोडलं. ते अजून पूर्ण केलेलं नाही. घरात मी कमी बोलते. बोलले की आधी मीच ऐकते, हे मी म्हटलं ना, याची खात्री करून घेते.

मुलांना आवाज मिळाला, ते चांगलं झालं. खोटं कशाला बोलू, खाली बाजारात एक आंधळी मुलगी आईला आपल्या फोनातून गोष्ट ऐकवत होती, माझ्या आवाजात, आणि ती किती हसत होती. मी उभी राहून शेवटपर्यंत ऐकली. तू मला विचारलं असतंस तर मी तो दिला असता. सगळा दिला असता, एक शब्द वगळून. एवढंच तुला विचारायचं होतं, आणि तू माझं बोट धरून ते कागदावर ठेवलंस.

माझ्या फोनात मी हवालदाराला परत बोलावलं आहे. बुरुलला अर्धा दिवस लागला. तो मला 'झीपर' म्हणतो. त्याचं तोंड वाकडं आहे, पण ते त्याचं आहे.

दालन तुझं, मानही तुझा, ते तुला लखलाभ. उन्हाळ्यात इकडे यायचं असेल तर ये, साय आहे, घोडाही आहे, बुरुल वाढेल. पण मला हाक मारलीस आणि मी उत्तर दिलं नाही, तर ऐकू आलं नाही असं समजू नकोस.

चोवीस वर्षं एका माणसाचं नाव मी घेतलं नाही. यापुढे तुझंही घेणार नाही. त्यांचं का घेतलं नाही ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझं का घेत नाही ते मी कुणाला सांगणार नाही. तुझं तुला ठाऊक असलं म्हणजे पुरे.

जिपार